सातव्या वळणावरचा पिवळा झेंडा

गल्लीत त्यांना सगळे झेंडेमास्तर म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पेशा चष्म्यांचा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला कुलपं दुरुस्त करणारा, आणि मधे दाबून बसवल्यासारखं त्यांचं दुकान. पुढे फ्रेमांचं कपाट आणि डोळे तपासायची खुर्ची, मागे पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र. आठवड्याचे सहा दिवस ते तिथे असत. मोसम सुरू झाला की रविवारी मात्र सकाळी लवकर नारिंगी डगला चढवायचा आणि शहराबाहेरच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर हजर व्हायचं. एकोणीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. पगार नाही, मानधन नाही. दुपारचं जेवण आणि वर्षाला एक टोपी.

बायको म्हणायची, "घरात दाराची कडी काढायला उठायचं तर यांचे गुडघे दुखतात. आणि तिकडे दिवसभर उन्हात खांबासारखे उभे!"

मास्तर हसायचे. सातव्या वळणावरची चौकी त्यांची. कमरेएवढ्या कठड्याआड उभं राहायचं, आणि वळणाच्या पलीकडे काही अडलं, गाडी गरकन फिरून बंद पडली, कुणी माणूस रस्त्यावर आला, की तत्क्षणी पिवळा झेंडा हलवायचा. मागून येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. त्याला दिसतो फक्त झेंडा. पिवळा दिसला की वेग उतरवायचा आणि कुणाला ओलांडायचं नाही, हा नियम. थोडक्यात, मास्तर हे त्या वळणावरचे डोळे होते, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

चौकीवर दुसरा माणूस पोस्टमन. त्याच्याकडे आग विझवायचं नळकांडं. मास्तरांच्या गल्लीत टपाल टाकणाराही तोच, म्हणून दोघांची जोडी जमली होती.

तो रविवार कोरडा आणि वाऱ्याचा होता. नवव्या फेरीला अकरा नंबरची गाडी वळणापलीकडे गरगर फिरली, मातीत शिरली आणि आडवी होऊन रस्त्यातच थांबली. बोनेटखालून धूर निघाला तसा पोस्टमन नळकांडं घेऊन धावत सुटला. आता मास्तरांनी फक्त हात खाली घालून झेंडा उचलायचा होता. पण त्या गाडीने उडवलेली माती वाऱ्याबरोबर थेट चौकीवर आली आणि त्यांच्या चष्म्यावर बसली. समोर सगळं पिठूळ झालं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. दुकानात दिवसाला पन्नास चष्मे पुसणारा माणूस. हात आपोआपच चालले. आधी डावं भिंग, मग उजवं, मग दांड्या.

चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात सहा नंबर आला.

ती गाडी भरधाव वळणात शिरली, आडवी थांबलेली अकरा नंबर ऐनवेळी दिसली म्हणून चालकाने चाक हिसकलं, आणि पोस्टमनने अंग फेकलं म्हणून तो वाचला. मनगट मात्र मोडलं. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घातला तेव्हा पोस्टमन मातीत गुडघ्यांवर बसून एका हाताने दुसरा हात धरून होता. तेव्हा त्यांनी झेंडा उचलला आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागले. मागून येणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिला. वेग उतरवून, शहाण्यासारखे एकामागून एक गेले.

कमरेचा वायरलेस खरखरला. "सात नंबर चौकी, सहा नंबर गेला तेव्हा पिवळा होता का?"

मास्तर पोस्टमनकडे बघत होते. त्याला स्ट्रेचरवर घालत होते, आणि तो वेदनेतही सहा नंबरला शिव्या देत होता.

"होता," मास्तर म्हणाले.

बस, एवढंच. संध्याकाळी छापील कागदावर 'झेंडा दाखवला' याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. मनात हिशेब झालाच होता: पिवळ्याखाली वेग न उतरवल्याची शिक्षा त्यांना पाठ होती. पुढच्या शर्यतीत दहा जागा मागून निघायचं. सहा नंबर म्हणजे पोरगा नव्हे, तिशी उलटलेला मुरलेला गडी. दहा जागा तो दोन फेऱ्यांत भरून काढेल. कुणाचं काही बिघडणार नाही. आपलं मात्र एकोणीस वर्षांचं नाव राहील.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. चुकीला शिक्षा वेगळी होती आणि खोटं बोलण्याला वेगळी.

पंचांची खोली गाड्या ठेवायच्या आवाराच्या वर होती. मुख्य पंच एक वकीलबाई. कडक, पण माणूस म्हणून सरळ. त्या खोलीत काय घडलं ते मास्तरांना नंतर तिथल्या टंकलेखकाकडून कळलं. सहा नंबर म्हणाला, झेंडा नव्हता. त्या बाजूच्या कॅमेऱ्यापुढे जाहिरातीची पाटी येत होती, त्यामुळे चौकी चित्रात नव्हती. वकीलबाईंनी त्याला तीनदा वाट काढून दिली. म्हणाल्या, "दिसला नाही असं म्हणा. धूळ होती, मान्य. दहा जागांवर विषय संपेल."

तो म्हणाला, "बाई, दिसला नाही असं नाही. नव्हताच."

"म्हणजे चौकीवरचा माणूस खोटं बोलतोय?"

"ते मला माहीत नाही. झेंडा नव्हता."

निकाल फलकावर लागला. वेग न उतरवल्याबद्दल दहा जागा. आणि पंचांची जाणूनबुजून दिशाभूल केल्याबद्दल एक वर्ष बंदी.

गर्दीत टाचा उंच करून मास्तरांनी तो कागद वाचला. पुन्हा वाचला. चुकीला दहा जागा, आणि ती चूक नव्हतीच. खोट्याला एक वर्ष, आणि ते खोटं त्यांचं होतं. जिना चढून वर जायला पंधरा पायऱ्या होत्या. त्यांनी पहिलीवर पाय ठेवला. तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेला पोस्टमन इस्पितळातून परत आला आणि त्याने मागून खांद्यावर थाप मारली. "मास्तर, वाचलं का? एकच वर्ष! जन्माचा घरी बसवायला हवा होता. माणूस मारतो आणि वर तोंड करून खोटं बोलतो!"

मास्तरांनी पाय मागे घेतला.

त्यानंतर ते दिवस सुरू झाले. पडद्याआड भिंग घासायला घेतलं की यंत्राचा आवाज चढत जायचा, आणि एका ठरावीक सुराला पोचला की तो यंत्राचा राहायचाच नाही; वळणात शिरणाऱ्या गाडीचा व्हायचा. मास्तर बटण बंद करायचे. आवाज खाली येत यायचा, आणि मग जी शांतता पसरायची ती यंत्राच्या आवाजाहून वाईट असायची. बाजारातून जाताना मागून एखादी मोटार आली की उजवा हात कोपरातून वर उडायचा. लोकांना वाटायचं नमस्कार केला. ओळखीचे उलट नमस्कार करायचे. चष्मा पुसायला घेतला की ओठ आपोआप हलायचे: एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी स्वतःचा चष्मा पुसणंच सोडलं. बायको वैतागायची. "अहो, चष्मेवाल्याच्या चष्म्यावर बोटांचे ठसे! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"राहू दे गं," ते म्हणायचे.

रविवारी चौकीवर जाणं मात्र चालूच राहिलं. न गेले असते तर कुणीतरी कारण विचारलं असतं. कठड्याआड उभं राहून ते गाड्या मनातल्या मनात नंबरवार मोजायचे. चार, पाच, सात, आठ. पाच म्हटलं की सातपर्यंत एक रिकामी जागा यायची, आणि त्या रिकाम्या जागेतून काहीतरी जायचं. वारा असेल. पण त्यांची मान त्याच्याबरोबर फिरायची, शेजारी उभा असलेला पोस्टमनही बघायचा. "कुणाला शोधताय, मास्तर?"

सातव्या महिन्यात एका दुपारी दुकानात एक माणूस आला. उंच, केस बारीक कापलेले, सदऱ्याच्या खिशावर मोटार शिकवणाऱ्या शाळेचं चिन्ह.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

मास्तरांनी शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिकेत तो चेहरा शंभरदा पाहिला होता. त्याने मात्र मास्तरांना कधीच पाहिलं नव्हतं. वायरलेसवरचा एक शब्द आणि कागदावरची एक सही, एवढीच त्याची त्यांच्याशी ओळख.

"बसा," मास्तर म्हणाले. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर बसवताना ती दोनदा घसरली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्याने धडाधड वाचली. शेवटची ओळ, जी मास्तरांना स्वतःला पाठ होती म्हणूनच वाचता यायची, तीही.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

"तेच तर." तो खुर्चीत मागे रेलला. "दोन डॉक्टर झाले, तुम्ही तिसरे. सगळे हेच सांगतात. मग झेंडा कुठे गेला?"

मास्तरांनी तक्त्याचा दिवा मालवला.

"तुम्हाला कळणार नाही. मी शर्यतीत गाडी चालवायचो. एका वळणावर झेंडा होता म्हणे, आणि मी म्हणालो नव्हता. पहिले दोन-तीन महिने मला खात्री होती. बायकोला सांगायचो, आईला सांगायचो, अख्ख्या जगाशी भांडायचो. मग वाटायला लागलं, तो चौकीवरचा माणूस एकोणीस वर्षं उभा आहे. त्याला माझ्याशी काय वैर? तो कशाला खोटं बोलेल? म्हणजे झेंडा असणार. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही." त्याने खिशावरच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. "आता लोकांना गाडी शिकवतो. सिग्नलला आलो की शेजारी बसलेल्यांना विचारतो, कुठला रंग आहे सांगा बघू. त्यांना वाटतं परीक्षा घेतोय. मी खरंच विचारत असतो."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर चष्म्यावरचे बोटांचे ठसे होते. त्यातून तो माणूस धुरकट दिसत होता, जणू लांबून येतोय.

"झेंडा नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"झेंडा खाली पडला होता. मी चष्मा पुसत होतो. माती उडाली होती. तुम्ही गेल्यावर उचलला." आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "चष्मा नव्हता डोळ्यांवर, पण हात होतेच की. उचलायला काय झालं होतं मला!"

तो माणूस ती जड फ्रेम तशीच नाकावर ठेवून बघत राहिला.

"किती वेळ?"

"चार सेकंद."

"ते नाही विचारलं. तुम्हाला हे किती दिवस माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

त्याने फ्रेम काढली, दांड्या मिटल्या आणि टेबलावर अलगद ठेवली. बाहेर पडताना दारही हळूच लावलं. आपटलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती हातातलं काम सोडून समोर येऊन बसली.

"आणि इतके महिने माझ्याशी पण खोटं?"

"तुझ्याशी पण."

"त्या पोस्टमनला मी दर आठवड्याला विचारते, हात कसा आहे. आणि त्या माणसाच्या नावाने बोटं मोडते." तिने ताट बाजूला सारलं. "मलाही तुम्ही खोट्यात ओढलंत की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "उद्याच जा. आणि वरच्या खोलीत गेल्यावर धूळ, वारा असलं काही सांगत बसू नका."

वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मास्तरांनी धूळ आणि वारा सांगितलाच नाही. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"शिक्षा एवढी मोठी का असते माहीत आहे तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "ट्रॅकवर चौदा चौक्या आहेत आणि कॅमेरे पाच. बाकी सगळं माणसांच्या शब्दावर चालतं. चूक कुणाचीही होते. पण शब्दच खोटा निघाला तर आम्ही निकाल द्यायचा कशावर? म्हणून खोट्याला वर्ष."

"म्हणूनच आलोय," मास्तर म्हणाले. "मला द्या ते वर्ष. दोन द्या. जन्माचा काढून टाका."

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. पानं पुढे-मागे केली. बराच वेळ केली.

"हे कलम स्पर्धकांसाठी आहे. तुम्ही स्पर्धक नाही. स्वयंसेवक आहात." पुस्तक मिटून म्हणाल्या, "स्वयंसेवकांसाठी फक्त कामातल्या हयगयीचं कलम आहे. दोन शर्यती काम न देणे."

"दोन रविवार?"

"दोन रविवार."

"आणि त्यांचं वर्ष?"

"निकालावर फेरविचार चौदा दिवसांत मागावा लागतो. सात महिने झाले." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बघते काय करता येतं ते."

जे करता आलं ते असं: बंदी दोन महिने आधी उठली. पत्रात कारण दिलं होतं, 'बंदीच्या काळातील चांगली वर्तणूक'. पत्र मिळालं त्या दिवशी दुकानातला फोन वाजला.

"चांगली वर्तणूक!" पलीकडून सहा नंबर म्हणाला. "म्हणजे मी खोटारडाच, फक्त सुधारलेला." मग त्याने विचारलं, "तुम्हाला काय मिळालं?"

मास्तरांनी सांगितलं.

तो हसायला लागला. थांबेना. हसता हसता खोकला, पुन्हा हसला, आणि तसाच हसत असताना त्याने फोन ठेवला. भिंगाच्या यंत्रातली गाडी त्या दिवसापासून बंद झाली. तिच्या जागी हे हसणं आलं.

पोस्टमनला मास्तरांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने ऐकलं, मनगट एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे." तेव्हापासून तो टपाल दाराच्या फटीतून आत सरकवतो. पूर्वी आत येऊन बसायचा.

दोन रविवार संपल्यावर कामाचं बोलावणं आलं, वर्षाच्या टोपीसकट. मास्तरांनी डगला धुऊन, घडी करून परत पाठवला. सोबत चिठ्ठीत एकच वाक्य लिहिलं: माझी शिक्षा मीच वाढवून घेत आहे. उत्तर आलं नाही.

सहा नंबरच्या पुनरागमनाच्या शर्यतीला ते तिकीट काढून प्रेक्षकांत जाऊन बसले. बायकोही आली, आयुष्यात पहिल्यांदा. जागा सातव्या वळणासमोरचीच मिळाली. चौकीत आता दुसराच कुणी उभा होता, हात मागे बांधून. ट्रॅक मोकळा होता. झेंड्याचं काही कारणच नव्हतं.

पहिल्या फेरीला सहा नंबर चौथा होता. वळणाजवळ आला आणि त्याच्या गाडीचा आवाज उतरला. किंचितच. कुणाला कळणारही नाही एवढा. पण एकोणीस वर्षं त्या कठड्याआड काढलेल्या कानांना कळला. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता. चौकीकडे बघून, झेंडा नाही याची खात्री करून, मग पुन्हा दाबला होता. तेवढ्यात मागचा पुढे निघून गेला.

दुसऱ्या फेरीलाही तेच झालं आणि तिसऱ्यालाही.

पुढच्या बाकावरचा एक प्रेक्षक शेजाऱ्याला म्हणाला, "संपला हा. घाबरतोय."

"घाबरत नाही तो," मास्तर म्हणाले.

प्रेक्षक मागे वळला. "मग काय करतोय?"

बायकोने मास्तरांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाड्या पुन्हा आल्या आणि प्रेक्षक समोर वळला. सहा नंबर आता नववा होता. मोकळ्या रस्त्यावर, लख्ख उन्हात, ठणठणीत डोळ्यांनी तो चौकीत नसलेला झेंडा शोधत होता. चौदाच्या चौदा फेऱ्या त्याने तसाच पाय उचलला, आणि मास्तरांनी एकाही फेरीला त्याच्यावरची नजर हलवली नाही.